काच भट्टीत जाण्याआधी

काचवाल्याकडे संगणकाच्या कॅबिनेटसाठी काच मागितली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साधी की टफन? साधी म्हटलं, तर तो डायमंडने रेघ ओढतो, टेबलाच्या कडेवर हलका दाब देतो आणि पाच मिनिटांत तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात येतो. टफन म्हटलं, की माप कागदावर उतरतं, आगाऊ रक्कम मागितली जाते आणि काच काही दिवसांनी मिळते. कॅबिनेटच्या बाजूला खिडकी बसवायची असेल तर टफनच सांगावं. साध्या काचेचा तुकडा टेबलाखाली, पायाजवळ, लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर उभा करणं म्हणजे घरात उघडी सुरी ठेवणंच.

टफन काच कशी तयार होते, हे माहीत असलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. मापात कापलेली, कडा घासलेली, भोकं पाडलेली काच भट्टीत साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि बाहेर काढल्याबरोबर दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत मारतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला मागाहून थंड होत आकसतो आणि बाहेरच्या थराला आवळून धरतो. पृष्ठभागावर कायमचा दाब राहतो, गाभ्यात कायमचा ताण. काचेच्या कारखान्यात एरवी याच्या नेमकी उलट धडपड चालते. तळेगावला १९०८ मध्ये सुरू झालेला पैसा फंडाचा कारखाना असो की प्रभाकर कंदिलासाठी नावाजलेली ओगलेवाडी, तयार वस्तू सावकाश थंड करून तिच्यातला ताण घालवणं हा या धंद्याचा जुना पाठ. तोच ताण हिशेबाने आत कोंडून काच बळकट करायची कल्पना फ्रान्सच्या द ला बास्तीने १८७४ मध्ये पेटंट केली. तो हवेऐवजी तेल वापरत असे.

हा कोंडलेला ताणच टफन काचेचं बळ, आणि तोच तिची अडचण. भट्टीतून आलेली काच कापता येत नाही, तिला नवं भोक पाडता येत नाही, कड दोन मिलिमीटर घासून बसवून घेऊ म्हटलं तर तेही जमत नाही. तसा प्रयत्न केला की सगळी काच एका क्षणात खड्यांएवढ्या तुकड्यांत पसरते. म्हणून या कामात खरं डोकं आणि खरा वेळ काच हाती येण्यापूर्वी खर्ची पडतो.

तेव्हा आधी पैशांचा विचार. नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन, साधारण अडीच-तीन हजारांपासून काचेची बाजू असलेली नवी कॅबिनेटं मिळतात. पत्रा कापण्याची मजुरी, टफन काच, टेप, रंग, जाण्या-येण्याचं पेट्रोल हे सगळं धरलं तर जुन्या कॅबिनेटला खिडकी करून फारशी बचत होत नाही. कॅबिनेटचा पत्राच पातळ आणि कुरकुरणारा असेल, तर नवं घेणं शहाणपणाचं. पण जाड पत्र्याचं, भरपूर जागेचं जुनं कॅबिनेट घरात असेल, किंवा हाताने काही करून बघण्याची हौस असेल, तर हे काम अवघड नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे पत्रा कापणं, वाकवणं, पावडर कोटिंग अशी जी कामं इतर गावांत शोधत फिरावं लागतं, ती नाशिककराला रिक्षाच्या अंतरावर सापडतात. हा फायदा थोडाथोडका नाही.

इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मांडणीत मदरबोर्ड कॅबिनेटच्या उजव्या बाजूला बसतो आणि समोरून पाहिलं तर डावी बाजू उघडते. खिडकी याच डाव्या पॅनेलला करायची. उजवीकडे केली तर मदरबोर्डची ट्रे आणि वायरींचा गुंता यापलीकडे काही दिसणार नाही. पॅनेल सोडवून, टेबलावर उताणं ठेवून, मधोमध अंगठा दाबून पाहावा. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो, तो लगेच आत जातो. मधला भाग बाहेर फुगवलेला असेल तर आणखी एक अडचण: काचेला सपाट बैठक मिळणार नाही. अशा पॅनेलवर खिडकी फुगवट्याच्या सपाट भागातच बसवावी, त्याच्या उतारावर कड येऊ देऊ नये.

पॅनेलवर जाळी आहे का, हे त्याहून महत्त्वाचं. जुन्या कॅबिनेटांच्या डाव्या पॅनेलवर प्रोसेसरसमोर एक गोल जाळी आणि तिच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचं नळकांडं दिसतं. ते शोभेसाठी नव्हतं. पेंटियम ४ प्रोसेसर इतके तापू लागले होते की इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक आराखडा काढला. खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या आत राहावी, असं त्याचं गणित होतं. त्यासाठी बाहेरची हवा थेट पंख्यावर आणणारं ते नळकांडं. खाली ग्राफिक्स कार्डासमोर दुसरी जाळी असे. आता त्या जागी काच आली, की दोन्ही वाटा बंद. नाशिकची हवा थंड हा लौकिक डिसेंबर-जानेवारीपुरता खरा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि एसी नसलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३५ अंश ही नेहमीची गोष्ट असते.

यावर फुकटचा आणि खात्रीचा उपाय आहे. पत्र्याला हात लावण्याआधी जाळीवर जाड पुठ्ठा चिकटवावा, शक्य तर उन्हाळ्यातल्या दुपारी. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम चालू ठेवून अर्धा-पाऊण तास नेहमीचा जड खेळ किंवा व्हिडिओ एडिटिंगचं काम करावं आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाचं सर्वांत जास्त तापमान टिपावं. पुठ्ठा काढून, त्याच खोलीत, त्याच सुमाराला पुन्हा तेच. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर निर्धास्त पुढे जावं. सात-आठ अंशांचा किंवा जास्त निघाला, तर पुढच्या जाळीमागे १२० मिलिमीटरचा एक पंखा आत हवा घेणारा आणि मागे एक बाहेर फेकणारा असा बसवून चाचणी परत घ्यावी. तरीही आकडे खाली येत नसतील तर खिडकी वरच्या अर्ध्या भागापुरती ठेवावी आणि ग्राफिक्स कार्डासमोरची जाळी तशीच राहू द्यावी. दिसायला ती तितकी झोकदार दिसणार नाही, पण कार्ड वाचेल. पुढचा दर्शनी भाग पूर्ण बंद असलेल्या कॅबिनेटला तर या चाचणीशिवाय हातच लावू नये.

काच बसवण्याच्या पद्धती दोन. पहिलीत मूळ पॅनेल तसंच ठेवून त्याच्या मधोमध चौकट कापतात आणि तिच्यावर काच चिकटवतात. दुसरीत पॅनेल काढूनच टाकतात आणि पूर्ण बाजूएवढी काच चार कोपऱ्यांच्या स्क्रूंवर टांगतात. नव्या कॅबिनेटांत दुसरी पद्धत दिसते, म्हणून अनेकांना तीच हवी असते. जुन्या कॅबिनेटसाठी मात्र पहिलीच बरी. कारण जुन्या पॅनेलच्या वरच्या-खालच्या दुमडलेल्या कडा सांगाड्याच्या खाचांत अडकतात आणि कॅबिनेटला ताठपणा देतात. पॅनेल काढून टाकलं की सांगाडा हलतो, आणि काच धरायला चार पक्के कोपरे नव्याने तयार करावे लागतात.

पहिल्या पद्धतीचा हिशेब एका मापावर मांडून पाहू. पॅनेल ४३० बाय ४०० मिलिमीटर, पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. त्यात २८० बाय २६० ची चौकट कापली. चारही बाजूंना १५ मिलिमीटर पत्र्यावर टेकेल अशी ३१० बाय २९० ची, ४ मिलिमीटर जाडीची काच घेतली. काचेची घनता दर घनमीटरला सुमारे २५०० किलो, म्हणजे या काचेचं वजन साधारण ९०० ग्रॅम. आणि कापून उरलेल्या पत्र्याचं? चारशे ग्रॅमच्या आसपास. चौकटीपेक्षा काच दुपटीहून जड! म्हणून चहूबाजूंनी निदान ६५-७० मिलिमीटर पत्रा राखणं गरजेचं. खिडकी जितकी मोठी तितकी छान, असं वाटून कडेला बोटभर पत्रा ठेवला, तर पॅनेल काढताना ते हातातच पिळवटतं आणि काचेची कड सुटते.

काच आतून बसवायची की बाहेरून, हा प्रश्न प्रोसेसरच्या कूलरकडे पाहून सोडवावा. उंच टॉवर कूलर पॅनेलच्या अगदी जवळ येतात. आपल्याकडे सर्रास दिसणारा कूलर मास्टरचा हायपर २१२ इव्हो १५९ मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटमध्ये १६२-१६३ मिलिमीटर जागा असेल तर पॅनेल नीट बसतं, पण ४ मिलिमीटर काच आणि एक मिलिमीटर टेप आतून लावली की कूलरच्या टोप्या काचेला टेकतात. टफन काचेच्या पाठीला धातूचं टोक सतत टेकलेलं असणं चांगलं नाही. म्हणून काच बाहेरून लावावी. बाहेरून लावली की कड दिसते, ती पॉलिश करून घ्यावी लागते, पण आतली जागा शाबूत राहते.

चौकटीची जागा ठरवायला पुठ्ठ्याचा साचा करावा. पॅनेलएवढा पुठ्ठा कापून, त्यात खिडकी काढून, तो सांगाड्यावर लावून लांबून पाहावं. एसएमपीएसचा डबा आणि हार्ड डिस्कचा पिंजरा दिसू नये असं वाटत असेल तर ते या टप्प्यालाच कळतं. साचा लावूनच पॅनेलच्या आतल्या बाजूला जिथे आकडे, खाचा आणि दुमडी आहेत, त्या चौकटीच्या रेषेत येत नाहीत ना, हे तपासावं.

कापण्याचं काम लेझरवर करून घेतलं तर कड स्वच्छ येते. अंबड-सातपूरला जॉबवर्क करणारे लेझरवाले ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल मागतात. ती मोफत कॅड प्रोग्राममध्ये कुणीही काढू शकतं. मात्र फाइल पाठवण्याआधी पॅनेल घेऊन प्रत्यक्ष जावं. हे पॅनेल सपाट पत्रा नाही, त्याच्या कडा दुमडलेल्या आहेत. त्या वर करून ठेवल्या तर लेझरचं डोकं त्यांना आपटू शकतं, खाली केल्या तर पत्रा मशिनच्या पट्ट्यांवर टेकत नाही. काही जण या कारणाने नकार देतात, आणि त्यांचं चुकत नाही. रंगवलेल्या पत्र्याची कड लेझरने थोडी जळते, तेव्हा काच टेकणार त्या १५ मिलिमीटरच्या आतच ती राहील हे पाहावं.

हाताने कापायचं तर जिगसॉ हे सर्वांत सोयीचं हत्यार. धातूचं बारीक दात्यांचं पातं घ्यावं, इंचाला २४ दात्यांचं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा नुसता कापायला गेलं की तो पात्याबरोबर वर-खाली थडथडतो आणि कड फाटते. म्हणून तो प्लायच्या दोन टाकाऊ तुकड्यांमध्ये शिकंज्याने आवळून प्लायसकट कापावा. चारही कोपऱ्यांना आधी १५ ते २० मिलिमीटरचं गोल भोक पाडावं आणि पातं एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे न्यावं. कोपरे असे गोल राहिले की पत्रा तिथून चिरत नाही आणि चौकट दिसतेही नीट. वरच्या रंगावर मास्किंग टेप चिकटवून तिच्यावर गुण्याने रेषा काढाव्यात, नाहीतर जिगसॉच्या बुडाचे ओरखडे आयुष्यभर दिसतात. ग्राइंडर चालतो, पण त्याच्या ठिणग्या पावडर कोटिंगमध्ये रुतून बसतात. कुठलंही हत्यार वापरलं तरी डोळ्यांना गॉगल हवाच.

हे काम संगणक ठेवलेल्या खोलीत करू नये. पत्र्याचा बारीक कीस विजेचा वाहक असतो आणि मदरबोर्डच्या दोन पायांमध्ये अडकायला त्याला केसाएवढी जागा पुरते. पॅनेल सुटं होतं ही या कामातली सर्वांत मोठी सोय. ते गच्चीवर किंवा अंगणात नेऊन कापावं, कानशीने कड गुळगुळीत करावी, मग साबणाच्या पाण्याने धुवून पुसून सुकवावं. कापलेल्या कडेवरचा जस्ताचा थर गेलेला असतो. तिथे प्रायमर आणि काळ्या रंगाचा हात द्यायला विसरू नये, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात भिंतीही महिनोनमहिने ओल्या असतात.

गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात दाराच्या कडेला लावायचं रबराचं बीडिंग मिळतं. ते कापलेल्या कडेवर बसवलं की हात कापत नाही आणि काम सफाईदार दिसतं. पण बाहेरून चिकटवलेल्या काचेशी त्याचं जमत नाही. बीडिंगची जाडी टेपपेक्षा जास्त असते, त्यामुळे काच बीडिंगवर टेकते आणि टेप पत्र्याला पुरती भिडतच नाही. दोन्हींपैकी एकच निवडावं. काच बाहेरून असेल तर बीडिंग नको, घासलेली आणि रंगवलेली कड पुरे.

आता काचवाल्याला द्यायचा कागद. त्यावर लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी, इंच आणि सूत यांत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून जास्त, आणि एवढी चूक इथे चालत नाही. जाडी ४ मिलिमीटर, चारही कडा पॉलिश, चारही कोपरे ५ मिलिमीटरच्या त्रिज्येने गोल, रंग हवा असेल तर पारदर्शक की ग्रे, आणि ‘टफन’ हा शब्द ठळक. पूर्ण बाजूची टांगलेली काच करायची असेल तर भोकांची जागा आकृती काढून दाखवावी. टफन काचेच्या भोकांना नियम आहेत: भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नसावा, भोकाच्या काठापासून काचेच्या कडेपर्यंत जाडीच्या निदान दुप्पट अंतर असावं आणि कोपऱ्यापासून निदान सहापट. चार मिलिमीटरच्या काचेला ही अंतरं ८ आणि २४ मिलिमीटर होतात. भोक कोपऱ्याला खेटून काढलं, तर काच भट्टीतच फुटते किंवा पुढे पहिल्याच धक्क्याला जाते.

काच हातात आल्यावर ती खरोखर टफन आहे का, हे घरीच पाहता येतं. भारतीय मानक आयएस २५५३ चा शिक्का कोपऱ्यात असेल तर उत्तमच. शिवाय ध्रुवित भिंगांचा, म्हणजे पोलराइज्ड गॉगल घालून, लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करून काच त्याच्यासमोर धरावी आणि थोडी फिरवावी. टफन काचेत हवेच्या झोतांनी उमटलेले गडद-फिकट ठिपके आणि पट्टे दिसतात. साधी काच कोरी दिसते.

चिकटवण्यासाठी थ्रीएमची व्हीएचबी किंवा त्या तोडीची ॲक्रेलिक फोमची टेप घ्यावी, काळ्या रंगाची. स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी स्पंजाची डबल टेप उन्हाळ्यात हमखास दगा देते. स्थिर वजनासाठी व्हीएचबीचा कंपनीने दिलेला ढोबळ हिशेब किलोमागे ५५ चौरस सेंटिमीटर. वरच्या ९०० ग्रॅम काचेला ५० चौरस सेंटिमीटर पुरे. १२ मिलिमीटर रुंदीची टेप चारही बाजूंना पूर्ण लावली तर १३५ च्या पुढे भरते, म्हणजे गरजेच्या अडीचपटीहून जास्त. हिशेब इतका भक्कम असूनही टेप सुटते ती दोनच कारणांनी: पृष्ठभागावर राहिलेलं तेल आणि थंडी. पत्रा व काच दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान घेऊन पुसावेत. काम दुपारी करावं. नाशिकची जानेवारीतली पहाट दहा अंशांखाली जाते आणि तेव्हा ही टेप नीट पकडच घेत नाही. लावल्यावर सगळीकडून अंगठ्याने जोर देऊन दाबावी. वीस मिनिटांत निम्मी पकड येते, दिवसभरात नव्वद टक्के, पूर्ण पकड ७२ तासांनी. तीन दिवस पॅनेल आडवंच पडू द्यावं. टेप झाकण्यासाठी काचेच्या कडेला आतून काळा ऑइलपेंट मारायची युक्ती काही जण करतात, ती टाळावी: मग टेप काचेला न धरता रंगाला धरते, आणि रंग सुटला की काच सुटली.

खालच्या कडेला दोन छोटे धातूचे एल-आकाराचे आधार स्क्रूने पॅनेलवर बसवावेत, आणि त्यांच्या व काचेच्या मध्ये रबराचा तुकडा घालावा. टेप कधी ढिली झालीच तर काच सरकून जमिनीवर जाणार नाही. सिलिकॉन वापरणाऱ्यांनी डब्यावर न्यूट्रल लिहिलंय का, ते पाहावं. शिरक्यासारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि ते जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा व तांबं दोन्ही खातं.

स्क्रूंचं एक प्रकरण इथे सांगायला हवं. कॅबिनेटच्या बाजूचे स्क्रू बहुधा ६-३२ आट्यांचे असतात, मदरबोर्ड आणि एसएसडी यांच्या परिसरात एम३ भेटतो. दोघांच्या जाडीत अर्धाच मिलिमीटर फरक, त्यामुळे घाईत एकाच्या जागी दुसरा जातो आणि आटे खलास होतात. शिवाय काचेला धरणारा स्क्रू आत किती लांब जातो हेही मोजावं. एनझेडएक्सटी या नावाजलेल्या कंपनीचं एच१ कॅबिनेट २०२१ मध्ये अमेरिकेत परत मागवावं लागलं. आतलं रायझर कार्ड सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या स्क्रूमुळे शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका निघाला होता. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू पाठवून पाहिले, पण अखेर मूळ भागच बदलावा लागला. घरच्या कामात अंदाजाने लांब स्क्रू घालणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

काचेऐवजी ॲक्रेलिक का नको, असं कुणी विचारलं तर त्याला हसण्यात नेऊ नये. लढाऊ विमानांची छत्रं ॲक्रेलिकची असतात, आणि अशी विमानं नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात अनेक दशकं तयार होत आली आहेत. ३ मिलिमीटरचं ॲक्रेलिक वरच्याच मापात सव्वातीनशे ग्रॅमचं होतं, नावाच्या पाट्या करणारा ते लेझरवर तासाभरात कापून देतो, माप चुकलं तर दुसरं कापता येतं, आणि पातळ पॅनेलला त्याचं ओझं होत नाही. खर्चाने हात आखडलेल्या विद्यार्थ्याला तेच सुचवावं. उणिवा तीन. ते ओरखडतं. स्थिर विजेमुळे धूळ ओढतं. सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यांच्या या दिवसांत तर ते फारच जाणवतं. तिसरी उणीव कमी लोकांना ठाऊक: ॲक्रेलिक तापल्यावर पोलादाच्या पाच-सहापट प्रसरण पावतं. चारशे मिलिमीटरची शीट वीस अंशांच्या फरकात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढते. भोकं स्क्रूच्या मापाला घट्ट पाडली तर त्यांच्याभोवती बारीक तडे जातात. दीड मिलिमीटर मोठी पाडावीत. पुसायला साबणाचं पाणी, स्पिरिट कधीही नाही.

काच बसल्यावर दिवे लावण्याचा मोह होतोच. मदरबोर्डवर दिव्यांचे दोन प्रकारचे पिन असतात: ३ पिनांचा ५ व्होल्टचा आणि ४ पिनांचा १२ व्होल्टचा. पाच व्होल्टची पट्टी बाराला जोडली की क्षणात जळते, एवढं सांभाळलं की बाकी हौसेचा मामला. पत्रा कमी झाल्याने संगणकाच्या रेडिओ लहरी थोड्या अधिक बाहेर येतात. घरात त्याने सहसा काही बिघडत नाही, तरी वायफायचा राउटर कॅबिनेटवरच ठेवण्याची सवय असेल तर तो थोडा लांब न्यावा.

या काचा फुटण्याचं सर्वांत मोठं ठिकाण कॅबिनेट नसून फरशी आहे. टफन काचेचा पृष्ठभाग बराच मार सोसतो, पण तिची कड आणि कोपरे नाजूक. व्हिट्रिफाइड टाइल काचेहून कठीण असते. पॅनेल काढून भिंतीला टेकवताना कोपरा टाइलवर अलगद टेकला तरी त्या एका बिंदूतून सगळी काच उडू शकते. वाड्यांतल्या शहाबादी फरशीवर धोका कमी, तरी आहेच. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडणाऱ्यांनी आधी प्लग काढून ते उजव्या कुशीवर आडवं करावं, काच वर येईल असं. मग स्क्रू सोडवून पॅनेल दोन हातांनी सरळ वर उचलावं आणि गादीवर किंवा घडी केलेल्या सतरंजीवर ठेवावं. उभ्या कॅबिनेटचे स्क्रू सोडवताना दुसरा हात पॅनेलवर हवा, खालचे स्क्रू आधी आणि वरचे शेवटी.

पहिला उन्हाळा उलटला की जूनमध्ये एकदा टेपच्या चारही कडा नखाने चाचपून पाहाव्यात. कुठे पापुद्रा उचललेला वाटला तर वरून गोंद भरू नये. टेप आणि काच यांच्या मधून मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याने करवतीसारखं ओढत काच पूर्ण सोडवावी, जुन्या फोमचे अवशेष अंगठ्याने चोळून काढावेत आणि नव्या टेपने पुन्हा बसवावी.